वाटेवरचे फादर

स्पेनमधल्या सांतियागोच्या मोठ्या चर्चमागच्या गल्लीत एक लहानसं प्रार्थनाघर आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी दार उघडायचं, फुलदाणीतलं पाणी बदलायचं, मेणबत्त्या लावायच्या, मागच्या खोलीत कॉफी चढवायची. यात्रेकरू जगभरातून येतात, कित्येक आठवड्यांची वाट पायी चालून इथे पोचतात, पण आपल्या भाषेत रडायला जागा मिळाली नाही तर माणसाला पोचूनही पोचल्यासारखं वाटत नाही. म्हणून आमच्याकडे इंग्रजीतून प्रार्थना होते. नंतर खुर्च्या गोल मांडतो आणि ज्याला बोलायचंय तो बोलतो. मी उमेदीची वर्षं लंडनच्या हॉटेलात खोल्या आवरण्यात घालवली. त्यामुळे इंग्रजी मला समजतं, आणि रडणं तर कुठल्याही भाषेतलं समजतं.

त्या उन्हाळ्यात आयर्लंडहून फादर मॅलकी डेव्हनी आले. लालसर केस, पुढच्या दातांत फट, खणखणीत आवाज. माणूस मोकळा होता, पण त्यांना ऐकून घ्यायचं वावडं होतं. समोरचा अर्धं वाक्य बोलला की पुढचं ते स्वतःच पुरं करायचे आणि वर पाठीवर थाप मारायचे. ते स्वतः ही वाट कधी चालले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी विमानानं आलो बाबा. तुम्ही चाला, मी पापं ऐकतो. वाटणी बरोबर आहे की नाही?"

जूनमध्ये एके दिवशी प्रार्थनेनंतर एक कॅनेडियन जोडपं त्यांच्यापाशी आलं. नवऱ्यानं फादरांचे दोन्ही हात धरले.

"फादर, त्या दिवशी सेब्रेइरोच्या धुक्यात तुम्ही भेटला नसतात तर आम्ही दोघं तिथूनच वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो असतो."

"मी? सेब्रेइरोला?" फादर हसले. "अहो, आमच्या आयर्लंडमधला प्रत्येक तिसरा पाद्री असाच दिसतो."

जोडपंही हसलं. पण बाई जाताना मला हळूच म्हणाली, "हेच होते हो. फक्त तिथे कमी बोलत होते."

मी मनावर घेतलं नाही. वाटेवर थकलेला माणूस काय वाटेल ते बघतो.

मग मनिलाची एक नर्स आली. पोर्तोमारिनच्या पुलावर तिनं फादरांना मनातलं सगळं सांगितलं होतं म्हणे. "आणि तुम्हीही तुमच्या भावाचं सांगितलंत. नदीत गेला तो. तुम्ही काठावरून शिट्टी वाजवत राहिलात, तो परत येईल म्हणून."

 फादरांनी हातातली बशी खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं वाक्य पुरं केलं नाही.

नर्स गेल्यावर मी विचारलं, "भावाचं खरं आहे?"

"खरं आहे. पण हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, सालेता. इथे नाही, घरीही नाही."

त्यानंतर रोज कुणी ना कुणी येत राहिलं. कुणाला ते पालास गावाच्या चढावर भेटले होते, कुणाला मेलीदेत. तिथे त्यांनी म्हणे एकाच ताटलीतला ऑक्टोपस वाटून खाल्ला होता. मी या वाटेच्या टोकाशी जन्मलेली. गावांची नावं मला जपमाळेसारखी क्रमानं पाठ आहेत, आणि दर वेळी सांगितलं जाणारं गाव आधीच्यापेक्षा जवळचं होतं.

"फादर," मी म्हटलं, "तो जो कोणी आहे, तो इकडेच येतोय."

"येऊ दे की! कुणीतरी लबाड आहे. माझा चेहरा घेऊन लोकांचे कबुलीजबाब ऐकतोय. पोलिसांत देऊ?"

"आणि काय सांगणार? चेहरा चोरीला गेला?"

ते खदखदून हसले. भीती म्हणून दिसली नाही त्यांच्या तोंडावर. मीही तेव्हा हसले, हे कबूल करायला हवं. हसू थांबलं ते ग्वेंडा आली तेव्हा.

ग्वेंडा ऑस्ट्रेलियाची, साठीची, हडकुळी बाई. गोलात ती एवढंच बोलली की माझा मुलगा फिलिप गेला, त्याच्यासाठी चालले. मग सगळ्यांदेखत ती फादरांकडे वळली.

"अर्सुआच्या अलीकडे, निलगिरीच्या झाडांत तुम्ही मला वचन दिलंत. वेदीवरून त्याचं नाव घेईन म्हणालात. त्याचं खरं नाव, मी घरात हाक मारायचे ते. मी ते तुमच्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. उद्या दुपारी माझं विमान आहे."

फादर सरळ माणूस. खोटं बोलले नाहीत. "बाई, तो मी नव्हतो. पण नाव सांगा, उद्या नक्की घेतो."

 ग्वेंडाचा चेहरा मिटत गेला. "मग मी कुणापाशी रडले?" ती म्हणाली. नाव काही तिनं सांगितलं नाही. पाठीवरची पिशवी उचलली आणि निघून गेली.

 फादर उठले ते चिडूनच. त्याच संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की लावाकोलाच्या ओढ्यात तो पाय धूत बसलाय. लावाकोला म्हणजे आमच्या दारातच म्हणा.

"सकाळी जाऊन गाठतोच," फादर म्हणाले. "त्या बाईच्या मुलाचं नाव त्याच्याकडून काढून घेतो. प्रार्थनेच्या आत परत येईन, तुम्ही कॉफी तेवढी कडक करा."

उजाडताच ते निघाले. काळा शर्ट, पॉलिश केलेले बूट. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची शिट्टी ऐकू येत होती.

प्रार्थनेची वेळ झाली. प्रार्थनाघर भरलं. ग्वेंडा शेवटच्या बाकावर, सामानासकट, दाराजवळ बसली होती. मी दुसऱ्यांदा घंटा वाजवली तेव्हा फादर आत आले. मेणबत्त्यांच्या अंधुक उजेडात मी झगा पुढे केला.

"भेटला?"

"नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटेवर कुणीच नव्हतं, सालेता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. जूनमधल्या सकाळी त्या वाटेवर जत्रा असते. पाय ठेवायला जागा नसते.

त्या दिवशीची प्रार्थना मी विसरणार नाही. आवाज तोच होता, पण त्याला घाई नव्हती. ते मध्ये थांबत, आणि त्या थांबण्यात लोक मान खाली घालून आपापलं बोलून घेत. मृतांसाठी प्रार्थना करायची वेळ आली.

"आणि पिपसाठी," ते म्हणाले. "त्याच्या आईनं त्याला इथवर आणलंय."

शेवटच्या बाकावरून एक आवाज आला. रडणंही नव्हे, किंचाळणंही नव्हे. ग्वेंडा उभी होती, तोंडावर हात ठेवून.

प्रार्थना संपल्यावर ते तिच्याशेजारी जाऊन बसले. बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले. ती उठली तेव्हा पिशवी पाठीवर अशी सहज टाकली की जणू रिकामीच आहे. माझा गाल ओढून म्हणाली, "मला वाटतं, काल त्यांना आठवलं नसेल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मी मागच्या खोलीत कॉफी ओतत होते. लिव्हरपूलच्या दोन बहिणी नुकत्याच पोचल्या होत्या, प्रार्थना चुकली म्हणून हळहळत होत्या.

"वाटेत एक पाद्री भेटला," थोरली सांगत होती. "लाल केसांचा. लावाकोलाच्या पलीकडे, उलट्या दिशेनं झपाझप चालला होता. काय ग बाई ते चकचकीत बूट!"

"आणि थट्टा तरी कसली," धाकटी म्हणाली. "येईल त्याला थांबवून विचारत होता, 'मला पाहिलंत का कुणी?' आम्ही म्हटलं, फादर, गाव मागे राहिलं. तर हसला आणि अर्सुआच्या दिशेनं गेला."

"कधी?" मी विचारलं.

"आत्ताच की. तिथून आम्ही थेट इथेच आलो, कुठे टेकलोही नाही."

 मी कप भरला आणि फादरांना द्यायला गेले.

ते खिडकीशी बसले होते.

ही सगळी वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे येते. आठवडेच्या आठवडे ऊन डावीकडूनच लागतं. आमच्या गावातली पोरंसुद्धा त्यावरूनच ओळखतात, कोण बसनं आलं आणि कोण खरोखर चालत.

"कडक केलीत ना?" फादरांनी विचारलं, आणि कप घ्यायला मान वळवली.

उजवा गाल पहाटे होता तसाच होता, दुधासारखा. डावा गाल, कान, मानेची डावी बाजू कॉलरपर्यंत करपून तपकिरी झाली होती, आणि कानाच्या पाळीवरची जुनी साल सुटत आली होती.