घड्याळाकडे बघा

"इथे डोळे मिळतात ना?"

अंडी मिळतात का, असं विचारावं तितक्या सहज त्याने विचारलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, शर्टाच्या बाहीला लाकडाचा भुसा. ती चहाची किटली घेऊन वर निघाली होती.

"मिळतात," ती म्हणाली. "पण सुटे. जोडी नाही मिळत."

"एकच हवाय. दुसरा घरचा आहे."

तिला हसू आलं, आणि हसण्याच्या नादात अर्धा कप चहा पायरीवर सांडला.

वरच्या मजल्यावर मास्तरांची खोली होती. मास्तर प्लास्टिकचे डोळे बनवत. ज्याचा डोळा गेला त्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, पांढरा भाग घडवायचा, त्यावर लाल रेशमाचे तंतू बसवून शिरा काढायच्या. मग दुसऱ्या, शाबूत डोळ्याकडे बघत बघत मधलं बुबुळ बारीक कुंचल्याने रंगवायचं. असलं काम जगात कुणी करतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं. तिच्याही नव्हतं. ती बँकेत काउंटरवर बसायची. तिथे एक बाई येत, कायम मान वळवून, चेहऱ्याची एक बाजू लपवून. एके दिवशी त्या नवा डोळा बसवून सरळ मानेने आल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. तिने त्यांच्याकडून मास्तरांचा पत्ता घेतला, बिनपगारी रजा टाकली आणि इथे शिकायला येऊन बसली.

घरात गहजब झाला. "लोक भिंती रंगवतात, गाड्या रंगवतात," वडील म्हणाले, "आणि आमची ही डोळे रंगवणार! हातचं सोडून पळत्याच्या मागे!" आई ओरडली नाही. ती फक्त दर दोन दिवसांनी विचारायची, "रजा संपली की जाशील ना गं परत?"

रजा आता संपतच आली होती. त्या दिवशी उरलेला चहा पिऊन मास्तर म्हणाले, "या सुताराचा डोळा तू एकटीने कर. मी हात लावणार नाही. हुबेहूब उतरला तर कायमची इथे राहा. नाही उतरला तर बँक वाईट नाही, तिथे पंखे तरी चालतात. फक्त एक ध्यानात ठेव. बुबुळातल्या काळ्या बाहुलीचं माप घेताना गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. तुझ्याकडे नाही."

"का?"

"पाळ. कारण मागून कळेल."

तर तो सुतार होता. फळी कापताना कपची उडाली आणि डोळा गेला. सांगताना त्याने रडगाणं गायलं नाही. "तसाही सुतार एक डोळा मिटूनच रेघ बघतो. माझी तेवढी मेहनत वाचली." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त... गिऱ्हाईक तोंडाकडे बघून बोलत नाही हो. पट्टीकडे बघतं, नाहीतर चपलांकडे."

"मी बघतेय ना तोंडाकडे."

"तुम्हाला बघावंच लागतं. कामच आहे ते."

तिने कुंचला ओला केला.

रोज दुपारी तो खिडकीशी बसायचा, ती समोर स्टुलावर. दोघांत हातभर अंतर.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय? तुमचं स्टूल हलतंय. एक पाय आखूड आहे त्याचा."

"तुम्ही डोळ्यासाठी आलात. पायांचं काय घेऊन बसलात?"

लांबून तो डोळा नुसता तपकिरी दिसे. जवळून मात्र बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं कडं होतं, आणि खाली एका बाजूला गडद ठिपका.

"काय दिसतंय एवढं?" त्याने विचारलं.

"गाठ आहे. लाकडात असते तशी."

"मग माल खराब निघाला म्हणायचा."

"कालच तुम्ही म्हणालात, गाठ असली की लाकूड अस्सल."

"म्हणालो होतो का? बरंच लक्ष असतं तुमचं..."

मापाचा दिवस आला. तिने मोजपट्टी हातात घेतली. 'घड्याळाकडे बघा' हे शब्द अगदी ओठांवर होते. तो तिच्याकडे बघत होता. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही, नुसता बघत होता. मागे घड्याळ टकटकत होतं.

"कुठे बघू?" त्याने हळूच विचारलं.

"असंच... असंच राहू द्या."

तिने माप घेतलं.

डोळा झाला, बसला. त्याने आरशात मान दोन्हीकडे वळवून बघितलं. मग म्हणाला, "दोन्ही माझेच वाटतात," आणि पट्टी खिशात घालून गेला. दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळची जागा उगाच मोठी वाटायला लागली. स्टूल मात्र तसंच डुगडुगत होतं.

आठवड्याने तो परत आला. बरोबर त्याच्या वहिनी होत्या, आणि जिना चढता चढताच त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"तुम्हीच का त्या? काम सुरेख आहे हो, रंगात खोट नाही. पण आमच्या भाऊजींचा एक डोळा जागा असतो आणि दुसरा स्वप्न बघतो! काल जेवताना भाऊजींना म्हटलं, मीठ द्या, तर हा नवा डोळा माझ्याकडे असा बघतोय, जशी काही मी अप्सराच! सख्खा धाकटा दीर माझा. घास घशात अडकला हसून हसून."

तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र नवा डोळा निरखून बघू लागली.

मास्तरांनी त्याला खिडकीशी बसवलं. "माझ्याकडे बघ." खरंच, नव्या डोळ्याची काळी बाहुली मोठी होती, खऱ्या डोळ्याची लहान. मास्तरांनी तिला खूण केली. "तू बस समोर. रोजच्या जागी."

ती बसली. तोच उजेड, तीच खुर्ची. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत खऱ्या डोळ्यातली बाहुली हळूहळू मोठी होत गेली. नव्या डोळ्याशी तंतोतंत जुळेपर्यंत.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या, आणि पुढे चक्क गप्प बसल्या.

"आवडीचं माणूस दिसलं की बाहुली मोठी होते," मास्तर शांतपणे म्हणाले. "तोंड खोटं बोलतं, हिला खोटं बोलता येत नाही. म्हणून ते घड्याळ. घड्याळावर कुणाचा जीव जडत नाही. सांगितलं होतं ना? मग का नाही बघायला लावलंस?"

सबबी पुष्कळ होत्या. उजेड कमी होता, घाई होती. तिने एकही काढली नाही.

"मला... यांनी दुसरीकडे बघायला नको होतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"डोळा उतरला नाही," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. मी नवा करते. आणि मास्तर, बँकेत मी जाणार नाही. तुम्ही ठेवलं नाहीत तर इथे झाडलोट करेन, पण शिकेन हेच."

"झाडलोट तू तशीही करतेस," मास्तर म्हणाले. "चुकीवर पांघरूण घातलं असतंस तर आजच घरी पाठवलं असतं. बँकेला कळवून टाक. घरी तुझं तू सांग, ते मला जमायचं नाही."

वहिनींना एकाएकी शेजारची खोली बघायची होती. मास्तरांचा दंड धरूनच त्या त्यांना घेऊन गेल्या.

तिने चुकलेला डोळा परत घ्यायला हात पुढे केला. "द्या. हा मोडीत काढते."

"नको," तो म्हणाला. "नवा करा. तो दुकानात घालीन, वहिनींसमोर घालीन. हा राहू दे... तुमच्याकडे येताना लागेल."

"येणार कशाला? डोळा झाल्यावर काम काय इथे?"

"ते स्टूल," तो म्हणाला. "एका दिवसाचं काम नाही ते."

"एकच पाय आखूड आहे त्याचा."

"मी सावकाश काम करतो."

तिने मोजपट्टी उचलली. चेहरा गंभीर ठेवायचा तिने बराच प्रयत्न केला.

"घड्याळाकडे बघा," ती म्हणाली.

त्याने बघितलं. अगदी माप संपेपर्यंत.