ओलं टोपडं

श्रीधरकाकांनी मोठा दिवा घालवला आणि कोपऱ्यातला छोटा तेवढा ठेवला. बाहेर जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनचं धुकं खिडकीला टेकलं होतं. काकांचे केस इथल्याच कारखान्यात पिकले. गौरांग आणि शिवांगी ही शिकायला आलेली पोरं, शनिवारी त्यांच्याकडे वरणभात खायला यायची.

"हसायचं ते आत्ता हसून घ्या," काका म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी वसुधा माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. तिनं सांगितलं तसंच सांगतो."

मंगळवार होता, चौदा नोव्हेंबर. संध्याकाळी वसुधा अपोटेकेतून स्वरालीचं सर्दीचं औषध घेऊन आली. स्वराली तिची लेक, सव्वा वर्षाची. नवरा यशवंत रात्रपाळीला गेलेला. तिघांना जपानहून परतून चारच दिवस झाले होते.

तिकडे क्योटोत नुसती मजा चालली होती. "लग्नात काशीला नेईन म्हणालो होतो," यशवंत म्हणायचा, "बघ, काशीच्याही पुढे आणलं."

"अहो, पण गंगा कुठाय? जिथे तिथे हिरवा चहाच."

एका जुन्या देवळामागे बुटक्या दगडी मूर्तींची रांग होती. तोंडवळा लहान मुलांचा. प्रत्येकीला लाल टोपी, गळ्यात लाल लाळेरं. एकच बोडकी, पावसात भिजत बसलेली. वसुधाला राहवलं नाही. स्वरालीच्या डोक्यावरचं, सासूबाईंनी शिवलेलं लाल टोपडं तिनं काढलं आणि त्या दगडाला घातलं. हनुवटीखाली बंदही बांधले.

"थंडी वाजत्येय होय रे? घे. आता तू आमचाच. ये घरी."

"चला, एकाचे दोन झाले," यशवंत हसला.

रविवारी फोनवर सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "अगं, लेकराच्या अंगचं कापड परक्या जागी ठेवतात का? आणि वर घरी ये म्हणालीस? त्या मूर्ती कसल्या, ते तरी विचारायचंस."

सोमवारी यशवंतनं कामावरच्या एका जपानी माणसाला विचारलं. तो म्हणाला, ज्यांची मुलं जातात, त्या आया मांडतात...

वसुधानं तेव्हापासून स्वरालीला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. पण मंगळवारी रात्री औषधानं पोर झोपली. वसुधानं तिला पलंगडीत ठेवलं, दार उघडं टाकलं आणि बाटल्या धुवायला गेली. ओट्यावर बेबीफोनची डबी होती. तिकडचा श्वास इकडे ऐकू यायचा.

घरघर. स्वरालीची सर्दी.

साडेदहा झाले असतील. त्या घरघरीमागून दुसरा श्वास आला. मोकळा. सर्दी नसलेला.

वसुधानं नळ बंद केला.

घरघर... आणि तो दुसरा.

मग स्वरालीचा आवाज आला. तिला एकच शब्द यायचा. हातातली वस्तू कुणाला देताना ती म्हणायची, तो.

"घे."

वसुधा धावली. उघडं ठेवलेलं दार लागलेलं होतं. ढकललं. स्वराली पलंगडीत उभी. गजांमधून हात बाहेर काढून तिनं आपलं पांघरूण कोपऱ्याकडे धरलं होतं. कोपऱ्यात कुणी नव्हतं. पांघरुणाचं दुसरं टोक मात्र हवेत ताणलेलं होतं.

वसुधानं पोर उचलली. पांघरूण खाली पडलं. स्वरालीचे पाय बर्फासारखे. ती कोपऱ्याकडे झेपावू लागली. तोंडातून हूं की चूं नाही.

दोघी इथे गप्प. आणि तिकडे ओट्यावरच्या डबीतून कुणीतरी कुडकुडत होतं. बारीक... अगदी बारीक दात वाजत होते.

तिला ओरडायचं होतं. पण ते कुडकुडणं लहान मुलाचं होतं.

तिनं एका हातानं अंगावरची शाल ओढून काढली. कोपऱ्यात ठेवली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "ही ने, बाळा. हिला नको नेऊस..."

डबी थांबली.

मग काहीच नाही...

सकाळी यशवंत आला, तेव्हा ती स्वरालीला छातीशी धरून जिन्यात बसलेली होती. खोलीत शाल नव्हती. पलंगडीत टोपडं होतं. चिंब भिजलेलं, एका बाजूला शेवाळ लागलेलं. बंद अजून बांधलेले, तिनंच मारलेल्या गाठीत.

काका थांबले.

"यशवंतदादांनीच आणलं असेल परत," गौरांग हळूच म्हणाला. "गंमत म्हणून."

"असेल बाबा."

"आणि स्वराली?" शिवांगीनं विचारलं.

"ठणठणीत. आता रेगेन्सबर्गला असतात. किंडरगार्टनला जाते, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. टोपडं तेवढं जाताना माझ्याकडे ठेवून गेले. फेकायचा धीर होईना, घरात नको होतं." काकांनी खिडकीखालच्या, खोली तापवणाऱ्या हाइत्सुंगकडे बोट केलं. "तिथं वाळत घातलंय. दोन हिवाळे झाले."

शिवांगी उठली. हाइत्सुंग चटका बसेल इतका तापलेला होता. वरच्या लाल कापडाला तिनं नुसता हात लावला, आणि बोटं छोट्या दिव्याखाली धरली.

बोटांवरून पाणी ओघळलं.