डावीकडची खिडकी

सन २०९६ मध्ये देशातलं कुठलं संशोधन आधी आणि कुठलं मागून, हे अग्रक्रम मंडळ ठरवत असे. मंडळावर अकरा माणसं होती. त्यातले दहा जण भौतिकी आणि अंतराळशास्त्रातले मान्यवर, म्हणजे एकमेकांचं न ऐकणारे. अकरावा सामान्य सदस्य, मतदारयादीतून चिठ्ठी टाकून काढलेला. पैसा लोकांचा, तेव्हा लोकांपैकी एकाचं मत हवंच, असा कायदा होता. बहुतेक सामान्य सदस्य चहा पीत, सही करत, पुणं बघत आणि परत जात.

त्या वर्षीची चिठ्ठी देवमन खोडके यांच्या नावाची निघाली. वय एकोणसत्तर, विधुर, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोणती उशिरा येईल आणि कोणती येणारच नाही, हे माइकवरून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. स्वभाव चिवट. गाडी रद्द होणं हा गुन्हा नाही, रद्द झाल्याचं प्रवाशाला न सांगणं हा गुन्हा, असं ते म्हणत. या एका हट्टापायी त्यांनी तीन साहेबांशी वाकडं घेतलं होतं.

मंडळापुढचा चौथा विषय होता नीरव. सूर्यमालेच्या पार कडेच्या अंधारात फिरणारा हा ग्रह इतका दूर, की तिथला प्रकाश पृथ्वीवर यायला चौदा दिवस लागतात. सूर्याचा येतो आठ मिनिटांत, यावरून अंदाज करावा. एकतीस वर्षांपूर्वी शाल्मली टिळेकर नावाची अठ्ठावीस वर्षांची भूशास्त्रज्ञ एकटीच त्या ग्रहाकडे निघाली होती. प्रवास चाळीस वर्षांचा, परतीची सोय नाही. त्या काळी यंत्रांना स्वतःच्या अकलेनं काही ठरवता येत नसे, म्हणून माणूस पाठवावा लागला. आता ती एकोणसाठ वर्षांची होती आणि नऊ वर्षांची वाट अजून बाकी होती. तिच्याशी बोलण्यासाठी एका केंद्रात एक प्रचंड अँटेना आणि सात माणसं राबत होती. तिचा शब्द इथे पोचायला अकरा दिवस लागत, इथला तिथे पोचायला तितकेच.

सामान्य सदस्याला विषय समजावून सांगायला डॉ. फरीदा मुजावर यांना नेमलं होतं. त्या इंजिनांवर काम करत. मूळच्या सांगलीकडच्या, बोलायला मोकळ्या.

“काका, आमचं नवं इंजिन तयार आहे,” त्या म्हणाल्या. “त्यावर माणूस नाही, नुसतं यान पाठवायचं. पुढच्या वर्षी निघालं तर पाच वर्षांत नीरवला पोचेल.”

“म्हंजे ह्या बाईच्या आंधी?”

“तीन वर्षं आधी.”

“साधी गाडी सकाळी सुटली, जलद गाडी दुपारी सुटली, अन् घाटात साध्या गाडीच्या पुढं गेली. आमच्याकडं रोजचंच हाये. अडचन काय हाये मंग?”

“पैसा एकाच कामाला पुरतो. यान पाठवायचं तर शाल्मलीताईंचं केंद्र बंद करावं लागेल. अँटेनाही मोडीत निघेल.”

फरीदांनी मग त्यांना थांबगणित समजावलं. लांबच्या प्रवासाला कधी निघावं, हे ठरवण्याचं हे गणित आता सगळ्या मंडळांना बंधनकारक होतं. इंजिनं सतत सुधारतात. समजा, आज निघालात तर चाळीस वर्षं लागतील, पण तीस वर्षं थांबून निघालात तर पाचच लागतील. मग थांबलेला आधी पोचतो. घाई करणारा निघतो पहिला, आणि पोचतो शेवटी. म्हणून निघण्यापूर्वी हिशोब करायचा आणि गणित थांबा म्हणालं तर थांबायचं. शाल्मली निघाली तेव्हा हे गणित कुणी मांडलंच नव्हतं.

“मंग तिले वाटेत चढवून घ्या ना,” देवमन म्हणाले. “आमी तेच करत होतो. गाडी बंद पडली, मागून दुसरी आली, तर त्याच तिकिटावर बसवून देल्लं.”

“तिला चढवायचं तर यानाला तिच्याइतकं हळू व्हावं लागेल. त्यातच सगळं इंधन संपेल. मग दोघंही वाटेतच राहतील.”

“अन् तिले विचारलं का कोनी?”

नोटीस काढली होती. कुठलीही योजना बंद करण्यापूर्वी संबंधितांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्याप्रमाणे शाल्मली टिळेकर यांना रीतसर नोटीस गेली होती. आपल्या काही हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. पंधरा दिवस उलटले होते, उत्तर आलं नव्हतं. अध्यक्षांनी तशी नोंदही केली होती.

“साहेब,” देवमन बैठकीत उभे राहिले, “नोटीस पोचाले अकरा दिवस, उत्तर याले अकरा दिवस. बावीस झाले. तुमी पंधरा देल्ले. इथं एवढे मोठे गनितवाले बसले, अन् एवढी बेरीज कोनालेच आली नाही?”

दहा मान्यवरांनी आपापल्या कागदांत डोकं घातलं. पाच जण यानाच्या बाजूचे होते, पाच जण केंद्राच्या. अकराव्या मताशिवाय विषय हलत नव्हता आणि अकरावा सदस्य उत्तर आल्याशिवाय मत देणार नव्हता. बैठक तहकूब झाली.

उत्तर चोविसाव्या दिवशी आलं. फरीदांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

“विषय, आपली नोटीस. माझी हरकत नाही. थांबगणित मी प्रवासाच्या तिसऱ्याच वर्षी मांडलं होतं, वेळच वेळ होता. आपल्या मागून कुणीतरी निघेल आणि पुढे जाईल, हे तेव्हाच कळलं. त्या दिवशी खूप रडले. नंतर वाटलं, बरं झालं, कुणीतरी या वाटेनं येईल तरी. हरकत नाही, पण सूचना एक आहे. एकतीस वर्षांत माझ्या खिडकीबाहेर हलणारं काही दिसलेलं नाही. तारे आहेत, पण ते जागचे हलत नाहीत. नवं यान माझ्या जवळून न्या आणि त्याला एक दिवा लावा. कधी आणि कुठल्या बाजूनं जाईल ते आधी कळवा, मी झोपेत असायला नको. मग केंद्र बंद केलंत तरी चालेल. तेवढं बघायला मिळालं की पुढची वर्षं निघतील.”

देवमनांनी चष्मा काढून पुसला. बायको गेल्यापासून ते घरात रेडिओ लावून ठेवत. ऐकत नसत, पण कुणीतरी बोलत असलं की त्यांना बरं वाटे. ही बाई एका मिनिटाच्या दिव्यावर उरलेलं आयुष्य काढायला निघाली होती. त्यांना तिची फार कीव आली आणि स्वतःच्या रेडिओची लाज वाटली.

दिव्यानं वजन वाढतं, अशी कुरकुर झाली. “दिवा नाही तर सही नाही,” देवमन म्हणाले. दिवा मंजूर झाला. मग त्यांनी यानाच्या बाजूनं मत दिलं. तिचीच हरकत नव्हती, तर त्यांची कशी असणार?

शेवटचा निरोप त्यांनाच सांगू द्यावा, असं फरीदांनी सुचवलं. माइकसमोर बसल्यावर देवमनांचा आवाज आपोआप बसस्थानकावरचा झाला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नीरवकडे जाणारी जलद गाडी दिनांक सोळा ऑगस्ट एकवीसशे एक रोजी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्या डावीकडून जाईल. गाडीचा दिवा चालू राहील.” ते थांबले. “बाई, जपून राहा.”

त्याची पोच यायला बावीस दिवस लागणार होते. केंद्र विसाव्या दिवशी बंद झालं.

देवमन गावी परतले. त्यांनी भिंतीवर ती तारीख लिहून ठेवली. यान सुटल्याची बातमी यायची ते वाट पाहत होते. एक वर्ष गेलं, दोन गेली. मंडळावर नवी माणसं आली होती, एवढंच कानावर आलं. चौथ्या वर्षी एका सकाळी फरीदा त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात मिठाईचा पुडा होता, तो द्यायलाही त्या विसरल्या.

“काका, यान सुटलंच नाही.”

“काऊन?”

“उड्डाणाआधी थांबगणित नव्यानं मांडायचं, असा नियम आहे. तेव्हा आमच्याच प्रयोगशाळेत आणखी चांगलं इंजिन होत आलं होतं. दीड वर्ष थांबलं तर दोनच वर्षांत पोचणारं. मंडळ थांबलं. दीड वर्षानं पुन्हा मांडलं, तेव्हा त्याहून चांगलं दिसत होतं. परत थांबलं. मला पहिल्याच वेळी यायला हवं होतं तुमच्याकडे. धीर झाला नाही.”

“म्हंजे सोळा तारखेले?”

“काहीच जाणार नाही.”

“गनित चुकलं म्हना की.”

“नाही हो. दर वेळी बरोबर आलं. म्हणूनच भीती वाटते. ते कधी निघा म्हणेल, असं मला आता वाटत नाही.” फरीदा उंबऱ्यावरच टेकल्या. “असंच चाललं तर नीरववर पहिल्यांदा शाल्मलीताईच पोचतील. आपल्यातलं कुणीतरी निघालं होतं, ते त्या एकट्याच.”

“अन् पोचल्यावर सांगंल कोनाले?”

फरीदांनी भिंतीवरच्या तारखेकडे पाहिलं.

“ते राहू द्या,” देवमन म्हणाले. “गाडी रद्द झाली, एवढं तरी तिले कळवा.”

“कशानं कळवू, काका? अँटेना मोडून त्याचं लोखंडसुद्धा विकलं.”

पुढच्या वर्षीच्या सोळा ऑगस्टला देवमन चार वाजताच घरातून निघाले आणि जुन्या बसस्थानकावर जाऊन बाकावर बसले. बाविसावं शतक लागलं तरी फलाटावर केळीवाला होता आणि घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. साडेचारला माइक खरखरला. अकोल्याकडे जाणारी गाडी काही कारणास्तव रद्द करण्यात आली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. बाकांवरची माणसं वैतागली, खोलीशी जाऊन नियंत्रकाला चार शब्द सुनावून आली, मग पिशव्या उचलून आपापल्या घरी गेली. फलाट रिकामा झाला.

देवमनांनी हातातलं घड्याळ पाहिलं. चार चाळीस झाले, मग पंचेचाळीस, मग पाच. अंधार पडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. तिकडे डावीकडच्या खिडकीशी शाल्मलीही बसलेली असणार, आणि गाडी उशिरानं धावत असेल, अशी स्वतःची समजूत घालत असणार.