सही जुळत नाही

विमा कचेरीच्या चार नंबरच्या खिडकीपुढे, रांगेत, तिला स्वतःचाच नवरा सापडला.

सकाळी ती घरातून निघाली तेव्हा हा माणूस पलंगावर पडून "आज अंगात त्राण नाही गं" म्हणत होता. आणि आता? इस्त्रीचा शर्ट, पाण्यानं चापून बसवलेले केस, उजवा हात खिशात कोंबलेला. पुढच्या बाईंना काहीतरी गमतीचं सांगत होता, आणि त्या चक्क लाजून हसत होत्या.

"अहो!"

तो वळला. दचकला. डाव्या हातातला कागद हळूच पाठीमागे गेला. "बाई, तुम्ही इथं नेहमी येता का?"

"तिसऱ्यांदा येतेय. तुमच्याच पायी. तो कागद कसला?"

"प्रेमपत्र आहे."

"कुणाला?"

"खिडकीतल्या मॅडमना. पण तू एवढी रागावून बघत असशील, तर... तुलाही एक लिहीन."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. तेहतीस वर्षं झाली तरी या माणसाशी धड भांडता येत नव्हतं.

पाणीपुरवठा खात्यात ती नळवाहिन्यांचे नकाशे काढायची. आता नोकरीचे नऊ दिवस उरले होते. तो घड्याळजी; पाच वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरता येईना, आणि त्यानं दुकान बंद केलं. तेव्हापासून डॉक्टर, तपासण्या, गोळ्या सगळं तिच्या नोकरीच्या विम्यावर चाललं होतं. निवृत्तीनंतर तिचं नाव विम्यात आपोआप राहणार होतं. नवऱ्याचं मात्र नव्यानं घालायचं, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आत, त्याच्या सहीनिशी. मुदत हुकली की संपलं. असा जुना आजार दुसरा कुणी पदरात घेणार नव्हता.

तिनं अर्ज भरला होता. दोनदा परत आला. दोन्ही वेळा एकच शेरा: पतीची सही जुळत नाही.

जुळणार कशी? कचेरीतल्या कार्डावर तिशीतल्या घड्याळजीची ऐटदार, वेलांटीवर वेलांटी चढवलेली सही होती.

"हात थरथरतात म्हणून विमा हवाय, आणि हात थरथरतात म्हणून विमा मिळत नाहीये!" हे तिनं शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. सगळ्यांनी मान हलवली होती. अर्ज काही हलला नव्हता.

तिनं सरळ त्याच्या पाठीमागे हात घालून कागद ओढून घेतला.

"पत्नीच्या निवृत्तीनंतरच्या विम्याच्या अर्जातून माझे नाव वगळावे..."

खाली तीच वाकडीतिकडी सही. इथं मात्र, म्हणे, चालणार होती!

तिनं कागद त्याच्या नाकापुढे नाचवला. मग म्हणाली, "तुम्हाला अक्कल आहे का हो?"

"हळू... लोक बघतायत."

"बघू देत. मी इथं खेटे घालून चपला झिजवतेय, आणि तुम्ही माझ्या मागून येऊन नाव खोडताय?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. नजर खाली वळवून तो म्हणाला, "कपाटात तुझ्या साड्यांखाली चित्रकलेच्या शाळेचा फॉर्म आहे. दोन वर्षांचा वर्ग. भरून ठेवलायस, पाठवला नाहीस. माझा हप्ता तुझ्या पेन्शनमधून कापणार. मग वर्ग कुठला? तेहतीस वर्षं नळ काढलेस, आता तरी... झाडं काढ, माणसं काढ. माझ्या गोळ्यांमागे किती दिवस काढणार?"

"मला विचारलंत?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग? माझं नाही हे नाही नसतं का?" तिनं तो कागद पर्समध्ये कोंबला. "थोर व्हायला निघालेत! वर्ग वर्षभरानं लावीन, दोन वर्षांनी लावीन. तुम्ही औषधाविना घरात पडलेले असताना मी झाडं काढू? रेघ तरी सरळ येईल का माझी?"

तो रांगेत एक पाऊल पुढे सरकला. खिशातला हात खिशातच थरथरत होता. कापडावरून दिसत होता.

"पुढचे!" खिडकीतून हाक आली.

चष्मा डोक्यावर चढवलेल्या तरुण कारकूनबाईंनी तिनं पुढे केलेला अर्ज पाहिला, कार्ड पाहिलं. "सही—"

"जुळत नाही," ती म्हणाली. "पाठ झालंय मला. या सहीचं काय करायचं, तेवढं सांगा."

"नवा नमुना देता येतो. पण तीन सह्या सारख्या हव्यात."

"तीन? सारख्या?" ती कडाडली. "यांच्या दोन सारख्या आल्या असत्या तर मी इथं आले असते का?"

कारकूनबाई ओशाळल्या. नियमांचं पुस्तक चाळत म्हणाल्या, "अंगठा चालतो. पण... लिहिता येत नाही, असं लिहून द्यावं लागेल."

"लिहिता येत नाही? माझ्या नवऱ्याला? अहो, मोत्यासारखं अक्षर होतं यांचं! सगळ्या बाजारपेठेच्या पाट्या—"

"लिही," तो म्हणाला.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच आहे ते. येत नाही आता." त्यानं हात खिशातून बाहेर काढला. अनोळखी माणसांसमोर, पाच वर्षांत पहिल्यांदा. "वाचता येतं, तेवढं पुरे मला. तू मघाशी जे बोललीस ना... त्यानंतर नाव खोडायची हिंमत नाही माझी."

शाईच्या गादीवर त्याचा अंगठा टेकेना. डावीकडे जाई, उजवीकडे जाई. तिनं त्याचं मनगट धरलं. ठसा उमटला. जरा फरपटलेला, पण ठसाच. कारकूनबाईंनी शिक्का मारला, पोच दिली आणि चष्मा खाली ओढून उगाचच कागद आवरायला लागल्या.

बाहेर पायऱ्यांवर तिनं नाव वगळण्याच्या त्या अर्जाचे चार तुकडे केले.

"पुन्हा असला शहाणपणा केलात तर याद राखा."

"नाही करणार." तो थांबला. "पण तो फॉर्म... तो पाठवशील? यंदा नाही तर पुढच्या वर्षी."

"पाठवीन. मॉडेल म्हणून तुम्हालाच बसवीन तासन्‌तास, न हलता."

"न हलता?" तो इतका मोकळा हसला की तिलाही हसू आवरेना. "बाईसाहेब, मी तुमच्यावर फार... फार पूर्वीपासून..."

"माहितीये. चला, बस चुकेल."

तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. घट्ट दाबून थांबवायला नाही गेली; थरथरू दिला.