रोझाबाईंबद्दल छापलेलं

ज्योत्स्ना ढगेने तो अंक दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलावर टाकला.

"हे मी लिहिलं नाई, ताई."

खासगी तपासनीस कोकिळा देवतळेंनी 'धामतीर' साप्ताहिकाचं पहिलं पान वाचलं. १९९७च्या ऑगस्टमध्ये ज्योत्स्ना क्यूबातल्या युवक मेळाव्याला याच साप्ताहिकाची वार्ताहर म्हणून जाऊन आली होती. तिच्या नावाने छापलं होतं : तिथे माणसं मांजरं खातात, आणि तिची यजमानीण रोझाबाई साबणासाठी पोटची पोर विकते.

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

"पावाले रांग आहे. लोक सरकारबद्दल हळू आवाजात बोलतात. मी तापानं पडली तं डॉक्टर घरी आला; वीज नव्हती म्हणून रोझाबाई पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. हे कोणालेच, घरीबी सांगितलं नाई, फक्त लेखात लिहिलं. अन् तो लेखच गायब आहे."

"पण छापलं आहे तं काई तरी खरं असनच ना?" पुलगावच्या गिरणीतून निवृत्त झालेले, कोकिळाबाईंचे मदतनीस बंडूजी म्हणाले.

कोकिळाबाईंनी अंकाची घडी करून पिशवीत टाकली.

उपसंपादक धनंजयलाही क्यूबाला जायचं होतं. "मी तीन दिवस केळझरले गेलतो. आलो तं अंक वाटून झालता," तो म्हणाला. बंडूजी केळझरला जाऊन खात्री करून आले.

कंपोझिटर तानबा म्हणाला, "टाइप केलेली पानं टेबलावर होती. तेच खिळ्यात जुळवलं."

संपादक प्रभाकररावांनी चहा मागवला. "तिच्या लेखाचं पाकीट मी न उघडताच धनंजयच्या टेबलावर ठेवलं. लेख वाचला तो छापून आल्यावरच. पोरगी हळवी आहे हो. कोणी पुठ्ठ्याने वारा घातला म्हणून देश चांगला ठरत नाही."

कोकिळाबाईंनी कप तसाच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना छापखान्यात बोलावलं.

"बंडूजी, छापलेल्या लेखात पुठ्ठा शोधा."

बंडूजींनी पान दोनदा वाचलं. "नाई जी. कुठंच नाई."

"पुठ्ठा फक्त मूळ लेखात होता. छापलेलंच वाचलेल्या माणसाला तो कळायचं कारण नाही. धनंजय गावात नव्हता. पाकीट तुम्हीच फोडलंत, प्रभाकरराव. वाचलंत, नष्ट केलंत आणि ही घाण टाइप केलीत."

प्रभाकरराव हसले. "रांग आणि डॉक्टर कोण वाचतं? मांजरांचा अंक दुपारपर्यंत संपला. बरं, आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा टाकतो."

ज्योत्स्ना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्या बाईनं मले लेकीसारखं जपलं. तिच्या पोरीबद्दल हे लिहाले हात कसा धजला तुमचा?"

तानबाने शाईचे हात फडक्याला पुसले.

"साहेब, पहिल्या पानावर हिचा पुरा लेख लावाचा असन तं सांगा. नाई तं आजपासून मी खिळ्याले हात लावत नाई."

धनंजय उठून तानबाशेजारी उभा राहिला. प्रभाकररावांनी एकेकाकडे पाहिलं. मग कोरे कागद ज्योत्स्नापुढे सरकवले.

तिने त्यांना हातही लावला नाही. पिशवीतून स्वतःची वही काढली आणि तिथेच उभ्या-उभ्या लिहायला लागली.