डावीकडचा ब्रेक

सांगा पावणं, विश्वास ठेवायचा तर कुणावर? विकणाऱ्यावर, दुरुस्त करणाऱ्यावर, का आपल्याच डोळ्यांवर? उचगावच्या रामलिंग अप्पांचा तिघांवरही नव्हता. कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय त्यांनी पेंडीचं एक पोतं कधी दुकानात उतरवून घेतलं नाही.

अशा माणसानं लेकीसाठी, शांभवीसाठी, जुनी छोटी गाडी घेतली. पेठ वडगावला नोकरीवर जायला. एजंट म्हणाला, "घरगुती वापराची हाय, मालक." चाकं जाम होऊ न देणारी नवी सोय तिच्यात नव्हती, साधाच ब्रेक, आणि तोही मोकळ्या रस्त्यावर आपोआप लागायचा. बाळासो मिस्त्रीनं दोनदा गाडी खोलली आणि "काय दोष न्हाय" म्हणून परत दिली. अप्पांना वाटलं, हा हातच लावत नाही.

तिसऱ्या खेपेला ते स्वतः गॅरेजवर गेले. टळटळीत दुपार. उतारावरच्या त्या पत्र्याच्या शेडपुढं चिटपाखरू नव्हतं, तापलेल्या ऑइलचा वास तेवढा कोंडलेला. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन चाकामागचा निप्पल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, सैल करायचा. चाकांना दगड लावले, अप्पा आत बसले, बाळासो खाली शिरला.

"दाबा… धरा… सोडा."

चार-पाचदा झाल्यावर अप्पांच्या मनात आलं, बघू तरी हा खरंच काय करतोय. चपला हातात घेऊन, दार न वाजवता ते उतरले.

"दाबा… धरा… सोडा." खालून आवाज चालूच.

सापडला लेकाचा! अप्पा हसून खाली वाकले. आणि तसेच राहिले. बाटलीत सोडलेल्या पारदर्शक नळीतून प्रत्येक "दाबा"ला ऑइल येत होतं.

त्यांनी उठून आत पाहिलं. पेडल जागचं हलत नव्हतं. डावीकडच्या सीटपुढचं मॅट मात्र टाचेएवढं दबत होतं.

"दाबा… धरा… बास." बाळासो हात पुसत बाहेर आला. "पाय लई नेमका की तुमचा, मालक! …हितं कवा उतरला?"

अप्पांनी नुसतं बोट दाखवलं. बाळासोनं मॅट उचललं. खाली पत्र्याला दोन भोकं, पुट्टी भरून बुजवलेली.

"ही ड्रायव्हिंग शिकवायची गाडी व्हती… हितं मास्तर बसायचा. त्याचा वेगळा ब्रेक काढून टाकलाय."

"आणि मास्तर?"

बाळासोनं मॅट हळूच परत जागेवर टाकलं.

तेवढ्यात शांभवी आली. "झाली का गाडी? आज मीच नेणार."

"हिच्यात बसायचं न्हाय."

"अप्पा, तुम्हाला देवाचाबी संशय येईल!" ती फणकाऱ्यानं गाडीपुढं पाठ करून उभी राहिली.

बाळासोनं दगड काढले. गाडी मागं शेडमध्ये घ्यायला दोघांनी जोर लावला. हँडब्रेक खाली, गिअर मोकळा, तरी चाक हलेना. बाळासोचा चेहरा उतरला.

"मालक… शेवटी मी 'धरा' म्हणलो. 'सोडा' म्हणलोच न्हाय…"

'सोडा' तोंडातून निघाला आणि गाडी उताराला लागली. शांभवीच्या पाठीवर.

"धरा!" अप्पा ओरडले. लेकीला नव्हे, मिस्त्रीलाही नव्हे.

कर्र आवाज झाला. बंपर ओढणीला टेकला आणि गाडी थांबली.

अप्पांनी तिथूनच एजंटाला फोन लावला. "तुझी गाडी घेऊन जा," एवढंच म्हणाले. बाकी अवाक्षर नाही. पलीकडून एजंटानंच विचारलं.

"गाडीला शेवटचं काय सांगितलंय, मालक… धरा, का सोडा?"

तेव्हा पावणं, एक विनंती. तुम्ही कधी काही विकाल, तर हिशोब खरा ठेवा. मालाबरोबर कोण जातंय, तेही सांगा.