दुपट्याचा थर

आमच्या गाडीला भिसेगावात कोणी गाडी म्हणत नसे. पत्र्याऐवजी काचेच्या धाग्यांचे आणि रेझिनचे अंग असलेली ती छोटी फायबरची मोटार माझ्या विठूने मुंबईहून जुनी विकत आणली, त्याच दिवशी लोकांनी तिचे नाव ‘बादली’ ठेवले. मी मात्र दारात उभी राहून तिच्यावरून नारळ ओवाळला. माझ्या घरात आलेल्या वस्तूला नावे ठेवण्याचा अधिकार फक्त माझा आहे.

आषाढात कुंभिवलीपाशी एक ट्रक तिला चेपून गेला. विठूच्या बाजूचे मडगार्ड फुटले, आणि विठूचे डोके. त्याला मुंबईच्या इस्पितळात हलवले. तो शुद्धीवर येईल की नाही, हे डॉक्टर सांगेनात. त्याच्यापाशी माझे धाकटे दीर राहिले. गाडी ओढून आमच्या मागच्या पडवीत आणली गेली.

मी जमालला बोलावले. तो विठूचा शाळेपासूनचा मित्र, आणि फायबरचे काम त्याच्या हातचे. विठू परत येईल तेव्हा गाडी धडधाकट दिसली पाहिजे, असे मी बजावले. सुनेला, जयाला, सांगितले की रडायचे असेल तर जमालच्या हाताखाली काम करत रड.

काचेची कुसळे टोचू नयेत म्हणून दोघांनी हातांना खोबरेल चोळले. जमालने फुटक्या कडा तासल्या आणि आतून थर चढवायला घेतले. काचेच्या धाग्यांचा मॅट, त्यावर ब्रशने रेझिन, पुन्हा मॅट. त्या वासाने डोळे चुरचुरत. शेवटच्या थराला मॅट संपला. रेझिनमध्ये हार्डनर पडलेले, ते आळू लागले होते. थांबण्याची सोय नव्हती. मी आत जाऊन पेटी उघडली आणि माझ्या जुन्या लुगड्याचे दुपटे आणले. जन्मल्यावर विठूला त्यातच गुंडाळले होते.

“मावशी, सूत यात चालत नाय,” जमाल म्हणाला. “आणि धरलं, तर कशाला धरील ते मला नाय सांगता येणार.”

“विठूला धरले होते. लाव.”

त्याने लावले.

रेझिन आळताना तापते आणि तासाभरात निवते. ते मडगार्ड निवले नाही. सकाळी पावसाची झड पडवीत आली होती, चाके गारठली होती, आणि दुपट्याची ती जागा ऊन होती. जमालने हात लावला, तसाच काढून घेतला. त्यानंतर तो पडवीत हळू आवाजात बोलू लागला.

जयाने त्या जागी गाल टेकला.

“आई, तापात यांचं कपाळ अस्संच लागतं.”

“मग मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेव.”

ती दिवसभर मडगार्डवर घड्या ठेवत बसली. मी घड्या पिळून देत होते. त्या वाफाळत होत्या.

दिवेलागणीला मडगार्ड निवले.

त्याच संध्याकाळी विठूने डोळे उघडून पाणी मागितल्याचा निरोप आला.

तो घरी आला. जखमेचा वणही राहिला नाही. नव्या मडगार्डवर टिचकी मारून म्हणाला, “बादलीला ठिगळ लावलंस होय गं आई?” जया इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. जमाल भेटायला आला, त्याने मित्राचा हात हातात घेतला, आणि पुन्हा हळू आवाजात बोलू लागला.

त्यानंतर गणपती येऊन गेले. विठू जेवतो, झोपतो, जयाची थट्टा करतो. माझा मुलगा माझ्या घरात आहे.

चांगो न्हावी दर रविवारी येतो. ओटीवर बसून विठूच्या गालावरून बोटे फिरवतो, दाढीचा एक खुंटही हाताला लागत नाही, मग चहा घेतो आणि वस्तरा न उघडता निघून जातो. जया म्हणते, गुळगुळीतच छान दिसतात. मलाही तसेच वाटते.